टोमॅटोची वसंतातील लागवड : तारीख उन्हाकडून मागे मोजावी

उष्ण प्रदेशात टोमॅटो थंडीने मेला यापेक्षा उन्हाने वांझ राहिला, अशी उदाहरणे अधिक आढळतात. झाड हिरवेगार आणि छातीएवढे उंच असते, फुलांचे घोसही भरपूर लागलेले असतात. पण फुलाच्या देठावर मध्येच जी बारीक गाठ असते तिथून देठ पिवळा पडतो आणि बोट लागताच फूल गळून पडते. पाणी कमी पडले की खत जास्त झाले याचा शोध घेण्यात आठवडे जातात आणि खरे कारण बहुतेक वेळा दोन महिने आधीच घडून गेलेले असते, ते म्हणजे रोप उशिरा लावले गेले. म्हणून अशा हवामानात ‘थंडी कधी संपते’ हा प्रश्न दुसरा ठेवावा आणि ‘फळधारणा कधी बंद पडते’ हा पहिला विचारावा.

टोमॅटोची फळधारणा दिवसाच्या तापमानापेक्षा रात्रीच्या तापमानावर अधिक अवलंबून असते. रात्री १३ ते २१ अंश सेल्सिअस आणि दिवसा २१ ते ३० अंशांच्या आसपास तापमान असेल तर फुले सहज धरतात. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या खाली उतरेनासे झाले आणि दिवसाचे ३५ अंशांच्या वर टिकू लागले की परागकण निकामी होऊ लागतात आणि फुलगळ सुरू होते. उलट बाजूने रात्री १३ अंशांपेक्षा थंड गेल्या तरीही परागकण दुबळे राहतात आणि जी फळे धरतात ती पुष्कळदा वेडीवाकडी निघतात. परागकणांचे नुकसान फूल उमलण्याच्या दिवशी होते असेही नाही. कळी लहान असताना, म्हणजे उमलण्याच्या साधारण आठवडा-दीड आठवडा आधी, ती उष्णतेला सर्वांत हळवी असते. त्यामुळे आज गळणारे फूल हे मागच्या आठवड्यातील उकाड्याचा हिशेब असते.

आपल्या भागात ही मर्यादा कोणत्या तारखेला ओलांडली जाते हे पाहण्यासाठी हवामान खात्याच्या किमान आणि कमाल तापमानाच्या मागील आठ-दहा वर्षांच्या नोंदी काढाव्यात. येथे सरासरीवर विसंबू नये, कारण हवामान लहरी असते तेथे सरासरी तारीख ही प्रत्यक्षात क्वचितच येणारी तारीख असते. त्याऐवजी उकाडा सर्वांत लवकर आला ते वर्ष आणि थंडी सर्वांत उशिरापर्यंत रेंगाळली ते वर्ष, अशा दोन टोकांच्या तारखा कागदावर लिहाव्यात.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. समजा, बहुतेक वर्षी २० मेच्या सुमारास उकाडा ती मर्यादा ओलांडतो. एखाद्या वर्षी उकाडा लवकर येईल म्हणून खबरदारीचे १० दिवस वजा केले, तर भरवशाचे शेवटचे फूल १० मेच्या आसपास उमलायला हवे. झाडावर चार-पाच घोस धरायचे असतील, तर एकेका घोसाला साधारण आठवडा धरून ५ आठवडे लागतात; म्हणजे पहिले फूल ५ एप्रिलपर्यंत दिसले पाहिजे. चांगले रोप जमिनीत गेल्यापासून फुलावर यायला सुमारे ४ आठवडे घेते, म्हणून पुनर्लागवड ८ मार्चला. त्या दिवशी रोप ६ आठवड्यांचे असावे, म्हणून बी पेरायचे २५ जानेवारीला. दक्षिण गोलार्धात महिने बदलतील, वजाबाकी तीच राहील.

अडचण पुढे येते. थंडीच्या नोंदी काढल्यावर पुष्कळदा असे दिसते की काही वर्षी १५ किंवा २० मार्चपर्यंत एखाददुसरी रात्र ३-४ अंशांपर्यंत उतरलेली आहे. म्हणजे उन्हाच्या हिशेबाने लागवड ८ मार्चला हवी आणि थंडीच्या हिशेबाने दोन आठवडे नंतर. या दोन्हींत निवड करायची झाल्यास मी लवकरची तारीख धरतो आणि त्याचे कारण साधे आहे : थंडीच्या तीन रात्री झाडावर कापड घालून निभावता येतात, पण मे महिन्यातील २७ अंशांची रात्र थंड करण्याचा कोणताही उपाय बागेत नसतो. दिवसाचे ऊन सावलीच्या जाळीने कमी होते, रात्रीचा उकाडा नाही. अर्थात या लवकर लावण्यालाही एक अट आहे आणि ती हवेची नसून मातीची आहे.

हिवाळा सरत असताना मध्येच सात-आठ दिवस भर वसंतासारखी हवा पडते. दुपारी २८ अंश, आकाश निरभ्र, वारा मंद; आणि हात आपोआप खुरप्याकडे जातो. एका वर्षी अशाच आठवड्यात मी बारा रोपे लावली आणि सहा रोपे केवळ जागा तयार नव्हती म्हणून कुंडीतच राहिली. त्यानंतर आठवडाभर थंड वारे सुटले. बारापैकी एकही रोप मेले नाही, पण पानांचा खालचा भाग जांभळा झाला, शेंडे आखडले आणि सुमारे तीन आठवडे ती जशीच्या तशी उभी राहिली. थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, त्याची ती खूण होती. मागाहून लावलेली सहा रोपे त्यांच्या आधी फुलावर आली. दुपारची हवा पाहून मी फसलो होतो. मातीत थर्मामीटर खुपसला असता तर बहुधा थांबलो असतो.

मातीचे तापमान सकाळी लवकर, ८ ते १० सेंटीमीटर खोलीवर मोजावे, कारण दुपारी वरचा थर तापलेला असतो आणि तो आकडा खोटा दिलासा देतो. सलग चार-पाच सकाळी ते १५-१६ अंश भरले की रोप लावण्यास हरकत नाही. माती लवकर तापावी म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, लागवडीच्या दोन आठवडे आधी त्यावर काळे प्लास्टिक अंथरावे आणि माती वाफशावर असू द्यावी, कारण चिखल झालेली जमीन फार सावकाश तापते. पेंढ्याचे आच्छादन मात्र या काळात घालू नये. ते ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही आणि थंडी जपून ठेवते. त्याची वेळ नंतर येते. कुंड्यांतील माती जमिनीपेक्षा लवकर तापते, पण रात्री तितक्याच वेगाने निवते, एवढे लक्षात ठेवावे.

बियांनाही मातीचेच तापमान लागते. २५ अंशांना बी सुमारे ६ दिवसांत उगवते, २० अंशांना ८, १५ अंशांना १४ आणि १० अंशांना तब्बल सहा आठवडे रेंगाळते. तोवर ते कुजण्याचीच शक्यता अधिक. म्हणून ट्रे घरात उबदार जागी ठेवावेत आणि कोंब दिसताच भरपूर उजेडात हलवावेत, नाही तर रोपे लांबुळकी होतात. लागवडीच्या आधी ७ ते १० दिवस रोपे बाहेरच्या हवेला सरावून घ्यावी लागतात : पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे अधिक ऊन आणि वारा, शेवटच्या दोन-तीन रात्री बाहेरच. हवा बिघडली म्हणून लागवड लांबली, तर रोप त्याच कप्प्यात अडकवून न ठेवता मोठ्या कुंडीत खालच्या पानांच्या देठापर्यंत खोल बसवावे. दहा-पंधरा दिवस ते आनंदाने थांबते. दाटलेल्या मुळांचे आणि कुंडीतच फुललेले रोप मोठे दिसते, पण जमिनीत गेल्यावर ते अडखळते; त्याची पहिली फुले खुडून टाकलेली बरी.

सगळी रोपे एकाच दिवशी लावू नयेत, ही या सगळ्यातील मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट आहे. हिशेबाने आलेल्या तारखेला निम्मी रोपे लावावीत, पाव भाग १० दिवस आधी आणि उरलेला पाव भाग १० दिवसांनी. हवामान कोणत्या बाजूला झुकेल हे आधी कळत नाही, पण तिन्ही तुकड्या एकाच वर्षी वाया जाणे दुर्मीळ आहे. आधीच्या तुकडीत लवकर फळणारे, लागवडीपासून ५५ ते ६५ दिवसांत पिकणारे वाण ठेवावेत. शेवटच्या तुकडीत चेरी टोमॅटो किंवा उष्णता सोसणारे म्हणून विकले जाणारे वाण, कारण लहान फळांचे वाण उकाड्यातही बऱ्यापैकी धरतात. ८० दिवसांहून अधिक घेणारे मोठ्या फळांचे वाण अशा हवामानात मी लावलेच तर मधल्या तुकडीत आणि एखादेच.

लागवड संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. खालची पाने काढून खोड निम्म्यापर्यंत मातीत गाडावे, गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. माती खाली थंड असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ चर काढून खोड आडवे झोपवावे आणि शेंडा हलकेच वर वळवावा. हवामानाच्या अंदाजापैकी पुढचे चार-पाच दिवस गांभीर्याने घ्यावेत, त्यापलीकडचे केवळ कल म्हणून.

धोक्याची रात्र ओळखता येते. संध्याकाळी आकाश स्वच्छ, वारा पूर्ण पडलेला आणि हवा कोरडी असेल, तर जमिनीलगतचे तापमान अंदाजात सांगितलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली जाऊ शकते. म्हणजे अंदाज ३ अंशांचा असला तरी पानांवर दव गोठू शकते. अशा दिवशी दुपारीच माती भिजवावी, ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. सूर्यास्तापूर्वी काठ्यांच्या आधाराने जुनी चादर किंवा पिकासाठी मिळणारे पातळ कापड जमिनीला टेकेपर्यंत पसरावे, कारण ऊब जमिनीतून वर येते आणि बाजू उघड्या राहिल्या तर ती निसटते. प्लास्टिक वापरल्यास ते पानांना टेकू देऊ नये. सकाळी ऊन येताच आच्छादन काढावे; ते विसरल्यास रात्री वाचलेले रोप सकाळी दहाच्या सुमारास उकडून निघते.

उकाडा अंदाजाच्या आधीच आला, तर मातीवर चार बोटे जाडीचे पेंढ्याचे आच्छादन घालावे, दुपारच्या उन्हावर ३० ते ४० टक्के सावलीची जाळी धरावी, पाणी नियमित द्यावे आणि नत्राचे (नायट्रोजनचे) खत थांबवावे. पाने काढू नयेत, उघडी पडलेली फळे उन्हाने पांढरी पडतात. फळाचा तांबडा रंग ३० अंशांच्या वर नीट चढत नाही. म्हणून बुडाशी गुलाबी छटा दिसताच फळ तोडून घरात २० ते २५ अंशांत, उन्हापासून दूर पिकवावे. झाडाने फुले टाकणे सुरू केले की त्याच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटणाऱ्या फांद्या, वीतभर लांबीच्या कापून ओल्या मातीत, सावलीत खोचाव्यात. दहा-पंधरा दिवसांत त्यांना मुळे फुटतात आणि उकाडा ओसरल्यावरच्या लागवडीसाठी बी न पेरता तयार रोपे हाती येतात.