जुना पब, जुनं मैदान: आठवणी बोलत्या करायच्या कशा

इंग्लंडमधल्या कुठल्याही आजोबांना "तुमच्या तरुणपणी पब कसे होते हो?" असं विचारू नका. "छान होते, आता ती मजा राहिली नाही," एवढं उत्तर येतं आणि गप्पा हवापाण्यावर घसरतात. त्याऐवजी विचारा, "तुम्ही कोणत्या दाराने आत जायचात?"

मी लेस्टरमध्ये राहते आणि इथल्या म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी हौसेने रेकॉर्ड करते. पबचा माझ्या बालपणाशी काही संबंध नाही, आणि फुटबॉल तर लग्नानंतर कळायला लागला. याचा उलट फायदाच होतो. गाववाल्याला माणसं "तुला माहितीच आहे" म्हणून अर्ध्यावर सोडतात, मला मात्र सगळं अथपासून इतिपर्यंत समजावून सांगतात. तेव्हा "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून मागे राहू नका.

दाराचा प्रश्न उगाच नाही. जुन्या पबमध्ये आजच्यासारखा एकच मोठा हॉल नसायचा. कामाच्या कपड्यांत येणाऱ्यांचा साधा बार वेगळा, गालिचा घातलेला लाउंज वेगळा, आणि लाउंजमध्ये तीच बिअर थोडी महाग. एखादी छोटी खोली असायची, तिला स्नग म्हणत. बायका बहुधा तिथे बसत. शिवाय घरी बिअर न्यायला एक खिडकी. इकडे त्याला 'बिअर-ऑफ' म्हणतात. कोणतं दार, एवढं कळलं की माणसाचं काम, ऐपत, घरची शिस्त, सगळं आपसूक बाहेर यायला लागतं.

सोबत कोरा कागद आणि शिसपेन्सिल न्या. माझा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. "जरा आतला नकाशा काढून दाखवता का?" म्हटलं की आधी नाही-नाही होतं, मग पेन्सिल हातात घेतली जाते. एका आजोबांनी आधी शेकोटी काढली, मग डार्टबोर्ड, मग मागच्या बाजूला स्किटल्सची, म्हणजे खुंट्या पाडायच्या खेळाची, लांब गल्ली. या भागात 'लाँग अ‍ॅली' खेळतात, टोकाला नऊ खुंट्या. गल्ली कागदात मावेना, तेव्हा त्यांनी कागद उलटून पुढचा भाग मागच्या पानावर काढला आणि तिथेच आठवलं की पडलेल्या खुंट्या उभ्या करायचं काम लहानपणी त्यांच्याकडे होतं, चार पैसे मिळायचे. तासभर साधे प्रश्न विचारून हे निघालं नसतं. कागदावर तारीख घालून सही घ्या आणि जपून ठेवा.

जाण्याआधी थोडा अभ्यास मात्र करा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे जुने मोठ्या मापाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, इंग्लंडचेसुद्धा. त्यात 'पी. एच.' (पब्लिक हाउस) ही अक्षरं दिसली की तिथे पब होता असं समजा. केलीसारख्या जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये रस्त्यावार धंदे आणि मालकांची नावं असतात; लेस्टर विद्यापीठाने त्यातल्या बऱ्याचशा ऑनलाइन ठेवल्या आहेत. पबची नावं बदलतात आणि एकाच शहरात एका नावाचे दोन पबही असतात, म्हणून नावाबरोबर रस्ता विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साल विचारू नका, ते कुणालाच आठवत नाही. खुणा विचारा. बिअरच्या पाइंटचे पैसे शिलिंगमध्ये द्यायचात का? म्हणजे फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान नाणी आली त्याआधीचं. गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडाला पोलिस दारू तपासायची नळी लावायला लागले होते का? ती १९६७ च्या शेवटी आली. पब दुपारी बंद व्हायचा का? पहिल्या महायुद्धात लागलेलं हे बंधन इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत होतं. शनिवारचं सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं असायचं: जेवणाआधी पब, दुपारी तो बंद होताच मैदानाची वाट, तीनला सामना, आणि संध्याकाळी पब पुन्हा उघडायची वाट बघत केलेली पायपीट. मधल्या त्या ताटकळण्याच्या वेळेत ते काय करत, हे जरूर विचारा. चांगले किस्से तिथेच असतात.

मैदानाबद्दल पहिला प्रश्न, "उभे कुठे राहायचात?" लेस्टर सिटी या इथल्या फुटबॉल क्लबचं जुनं मैदान फिल्बर्ट स्ट्रीट, १८९१ ते २००२. इतर अनेक मैदानांसारखं इथेही गोलमागच्या एका बाजूच्या उभं राहायच्या जागेला 'कॉप' म्हणत. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून आलं. जानेवारी १९०० मध्ये तिथे लढाई झाली आणि गांधीजींची भारतीय रुग्णवाहक तुकडी त्या लढाईतल्या जखमींना स्ट्रेचरवरून नेत होती. हे मी सांगितलं की समोरचा माणूस हमखास सावरून बसतो, आणि मग मला प्रश्न विचारायला लागतो. विचारू द्या, गप्पा दोन्ही बाजूंनी झाल्या तरच रंगतात.

सामन्यांच्या आठवणी पडताळून बघणं सोपं, कारण निकाल छापील असतात. तरी घोटाळे होतातच. लेस्टर सिटी साठच्या दशकात एफए कप या इंग्लंडच्या मोठ्या स्पर्धेच्या, लंडनमधल्या वेम्बली मैदानावरच्या तीन अंतिम सामन्यांत हरली: १९६१ मध्ये टॉटनहॅमकडून, १९६३ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून, १९६९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून. "आम्ही वेम्बलीला गेलो आणि हरलो" यातून काहीच कळत नाही; समोर कोण होतं ते विचारा. आपला लेन चाल्मर्स दुखापतीमुळे लंगडत खेळत होता असं म्हणाले तर १९६१. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. तपशील चुकला तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. पुढे टीप लिहून ठेवता येते.

उभ्याने सामना बघण्याचा काळ १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर संपत गेला. त्यात ९७ माणसं गेली, आणि पुढच्या वर्षीच्या टेलर चौकशी अहवालानंतर मोठ्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या. गर्दीच्या लाटेत पाय जमिनीवरून सुटायचे, हे हसत सांगणारा माणूस पुढच्याच वाक्यात गप्प होऊ शकतो. तेव्हा प्रश्न रेटू नका. चहा करायला उठलात तरी चालेल, रेकॉर्डिंग चालू असू द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आठवणी फक्त आत गेलेल्यांच्या गोळा केल्यात तर अर्धंच गाव हाती लागतं. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यापर्यंत पबवाला कातडीच्या रंगावरून सरळ 'नाही' म्हणू शकत होता. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये हा भेदभाव इतका उघड होता की त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्वतः तिथे आले. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले आशियाई लोक येऊ लागले, तेव्हा 'इथे येऊ नका' अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात दिली होती. मैदानाच्या वाटेवर दुकान असलेल्या एका गुजराती काकूंना फिल्बर्ट स्ट्रीटचा एकही गोल आठवत नाही. सामना सुटायच्या आत शटर ओढायची घाई मात्र लख्ख आठवते. ही आठवणसुद्धा त्याच मैदानाची. बायकांनाही वेगळं गाठा, नवऱ्याशेजारी बसवून नाही, नाहीतर नवरेच उत्तरं देतात. फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये बायकांच्या सामन्यांना आपल्या संलग्न मैदानांची दारं बंद केली, ती पन्नासेक वर्षं. एखादी आजी तरीही बागेत खेळलेली असते, पण कुणी विचारलेलंच नसतं.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, भिंतीवरच्या घड्याळापासून आणि फ्रिजपासून लांब बसा, जमल्यास 'वेव्ह' फाइल करा. सुरुवातीलाच नाव, तारीख आणि जागा बोलून घ्या. ब्रिटिश कायद्यात बोललेल्या शब्दांचा हक्क बोलणाऱ्याकडे राहतो, म्हणून लेखी संमती घ्याच, आणि कुठे वापरायचं, कुठे नाही, तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. शेजाऱ्याच्या उधारीचे किंवा भानगडींचे किस्से निघतात. ती माणसं हयात असतील तर तेवढा भाग इतरांना ऐकायला देऊ नका.

शेवटी एक प्रत घरच्यांना द्या आणि दुसरी जिल्ह्याच्या अभिलेखागारात. आमच्याकडचं विग्स्टनला आहे. नेण्याआधी फोन करून त्यांना कोणत्या स्वरूपात फाइल हवी ते विचारा, आणि पेन्सिलीचा तो नकाशाही बरोबर न्या.