नववीच्या सुट्टीत मुलांना एक दिवस काम पाहू द्या

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न: सायन्स की कॉमर्स? तेव्हा विचार करायला हाताशी जेमतेम काही दिवस उरतात. म्हणून नववीच्या दिवाळीच्या सुट्टीतच मुलाला किंवा मुलीला ओळखीच्या माणसासोबत कामाच्या जागी अख्खा दिवस पाठवा. भोसरीतलं वर्कशॉप, शेजारच्या सीए काकांचं ऑफिस, मावशीची पॅथॉलॉजी लॅब, काहीही चालेल. रात्री जेवताना नुसतं “आवडलं का?” विचारू नका. “कुठला तास भुर्रकन गेला आणि कुठला सरता सरेना?” असं विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. असे चार-पाच दिवस झाले की कल दिसू लागतो. मला तो टक्क्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

विज्ञानाची ओढ असेल तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचा कार्यक्रम गाठा. वेळ आधी पाहून घ्या. यंत्रं खोलण्यात रमणाऱ्यांना औंधचं आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतन दाखवा. दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा ३ वर्षांचा, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. “मार्क कमी पडले म्हणून डिप्लोमा” असं मुलांसमोर कृपा करून बोलू नका, ते फार लागतं.

अकरावीला सायन्स घेऊनही मन पक्कं नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. अभ्यास वाढतो, पण इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्हींची दारं उघडी राहतात.