रिझर्व्ह्ज हाती घेण्याआधीची तयारी

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, वेरिबी, पॉइंट कुक या भागात बरीच मराठी घरं आहेत. त्यांतली जी मुलं ऑसकिक या लहान मुलांच्या वर्गांत लाल चेंडूमागे धावत फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, शिकली, त्यांतली काही आता सतरा-अठराची होऊन क्लबच्या मोठ्यांच्या संघांत जाऊ लागली आहेत. त्यांच्यामागोमाग आईबाबाही क्लबात ओढले जातात. कुणी पाण्याच्या बाटल्या नेतं, कुणी टीम मॅनेजर होतं, आणि मग एके दिवशी कमिटी विचारते, "यंदा रिझर्व्ह्ज तुम्ही बघाल का?" हो म्हणायच्या बेतात असाल तर हे सगळं तुमच्यासाठी लिहितो आहे. एप्रिलमध्ये पहिला सामना असतो, पण रिझर्व्ह्ज, म्हणजे क्लबचा मोठ्यांचा दुसरा संघ, बनतो किंवा बिघडतो तो त्याआधीच्या काही महिन्यांत.

ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे अठरा खेळाडू असतात, चार क्वार्टर खेळतात, आणि बहुतेक स्थानिक क्लबांचे मोठ्यांचे दोन संघ असतात, सीनियर्स आणि रिझर्व्ह्ज. शनिवारी त्याच मैदानावर आधी रिझर्व्ह्ज खेळतात, मग सीनियर्स. वरच्या पातळीवर, म्हणजे एएफएल या देशातल्या सर्वोच्च लीगमध्येही, मांडणी अशीच होती. व्हिक्टोरियातल्या मोठ्या क्लबांची रिझर्व्ह्ज स्पर्धा 1919 पासून 1999 पर्यंत वेगळी चालली, आणि 2000 पासून ती मुलं तिच्याखालच्या व्हीएफएल या लीगमध्ये खेळू लागली, काही आपल्याच क्लबाच्या संघातून, काही जोडलेल्या जुन्या क्लबांकडून.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि प्रत्येक तरुण खेळाडूला एक पान द्या. पानाच्या वर नाव, आणि खाली एकच ओळ: यंदा या मुलाने काय शिकायचं. 'चांगला खेळाडू व्हायचं' असलं काही लिहू नका. 'डाव्या पायाने पंचवीस मीटरवर चेंडू नेमका द्यायचा', 'स्टॉपेजला (खेळ थांबून चेंडू पुन्हा टाकतात तेव्हा) आपला माणूस सोडायचा नाही', 'उंच चेंडूवर मार्क (लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलणं) घेता येत नसेल तर मुठीने बाहेर मारायचा', अशी ओळ हवी. मार्चच्या आत ही ओळ लिहिलेली नसेल तर पुढे दर आठवड्याला संघ निवडताना तुम्ही फक्त कोण दुखापतीत आहे आणि कोण कामावर आहे एवढंच बघाल, आणि ऑगस्ट येईपर्यंत त्या मुलाने वर्षभरात काय कमावलं हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या मते रिझर्व्ह्जचं सगळं काम या एका ओळीवर उभं आहे.

ओळ लिहिताना मुलाच्या उणिवेपेक्षा त्याच्या बळाकडे आधी बघा. सॅम मिचेल पहिल्या ड्राफ्टमध्ये (एएफएलचे क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणी घेतला नाही, कारण तो हळू आहे असं सगळ्यांचं मत होतं. 2001 मध्ये हॉथॉर्न या एएफएल क्लबाने त्याला छत्तिसाव्या क्रमांकावर घेतलं. 2002 मध्ये तो हॉथॉर्नशी जोडलेल्या बॉक्स हिल हॉक्सकडून खेळत व्हीएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, जे. जे. लिस्टन ट्रॉफी त्याला मिळाली, आणि पुढच्याच वर्षी एएफएलचा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू. 2008 मध्ये हॉथॉर्नने विजेतेपद जिंकलं तेव्हा कप्तान तोच होता. बॉक्स हिलमध्ये त्याचे पाय वेगवान झाले नाहीत. गर्दीतून चेंडू काढणं आणि दोन्ही पायांनी तो पुढे देणं हे त्याचं बळ होतं, आणि मोठ्या माणसांच्या गर्दीत दर आठवड्याला तेच करायला मिळालं. नंतर तो बॉक्स हिलचाच कोच झाला आणि 2022 पासून हॉथॉर्नचा. रिझर्व्ह्जचं मोल त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसणार.

यानंतर सीनियर्सच्या कोचबरोबर एक पूर्ण संध्याकाळ काढा. घाईत, मैदानाच्या कडेला उभं राहून नको. दोन्ही संघांत एकाच हाका, एकाच खुणा हव्यात: बचावातून चेंडू बाहेर काढायचा तो कुठल्या बाजूने, विरोधकाच्या किकआउटला (तो गोलजवळून चेंडू पुन्हा खेळात आणतो तेव्हा) कुणी कुठे उभं राहायचं, सेंटर बाउन्सला (मैदानाच्या मधोमध खेळ सुरू होतो तेव्हा) विंग, म्हणजे कडेचा खेळाडू, आत यायचा की बाहेर थांबायचा. रिझर्व्ह्जमध्ये वेगळी पद्धत शिकलेला मुलगा वर गेला की पहिला क्वार्टर गोंधळातच घालवतो, आणि मग "अजून तयार नाही" असा शिक्का त्याच्यावर बसतो. त्याच बैठकीत हेही ठरवून टाका की वर घ्यायचं तर मुलाला किमान दोन-तीन सामने द्यायचे, आणि शक्यतो रिझर्व्ह्जमध्ये तो जिथे खेळतो त्याच जागी. हाफ-बॅकवर (बचावाच्या पुढच्या फळीत) शिकणाऱ्या मुलाला वर नेऊन पुढच्या खिशात (विरोधकाच्या गोलच्या कडेला) उभा करायचा आणि चेंडू आला नाही म्हणून पुढच्या गुरुवारी खाली पाठवायचा, हा प्रकार मी अनेक क्लबांत पाहिला आहे. मुलाचं त्यात फार नुकसान होतं.

जागेबद्दल थोडं. मिडफिल्डमध्ये जायचं स्वप्न बहुतेकांचं असतं, पण मोठ्यांच्या खेळात पहिलं वर्ष हाफ-बॅकवर काढलं तर मुलाला सगळा खेळ समोर दिसतो आणि चेंडू हातात आल्यावर क्षणभर तरी विचाराला मिळतो. उंच मुलांची, म्हणजे रकची (चेंडू वर गेला की उडी मारून तो आपल्या माणसांकडे वळवणाऱ्यांची), गोष्ट निराळी आहे आणि तिथे धीर धरावाच लागतो. मॅक्स गॉन 2009 च्या ड्राफ्टमधला, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया सोसलेला, केसी या मेलबर्न क्लबाशी जोडलेल्या संघाकडून व्हीएफएल खेळलेला. पहिल्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात आला तो 2016 मध्ये, आणि 2021 मध्ये मेलबर्न क्लबाने विजेतेपद मिळवलं तेव्हा कप्तान होता. तुमच्या क्लबात सहा फूट सहा इंचांचा, अजून अंगात न भरलेला अठराचा मुलगा असेल तर त्याच्या पानावर 'तीन वर्षं' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याच्या घरच्यांनाही तसंच सांगा.

संघात फक्त पोरं भरू नका. तिशीच्या आसपासचे, सीनियर्समधून उतरलेले पण खेळ सोडवत नाही असे पाच-सहा जण आधीच हेरून ठेवा आणि त्यांच्याशी जानेवारीतच बोला. त्यांना सांगा की तुम्ही मैदानावर बोलत राहायचं आहे. बचावातला अनुभवी माणूस "मागे माणूस नाही, वळ" एवढं ओरडला की शेजारचा पोरगा पुढच्या वेळी मान वळवून बघायला शिकतो, आणि कोचच्या फळ्यावरून हे शिकवायला महिने लागतात. या लोकांना मिनिटं कमी मिळतील, शेवटच्या क्वार्टरला कधी बसावं लागेल, हेही आधीच सांगा. ज्यांना ते चालेल तेच घ्या.

आता शरीराची तयारी, कारण इथे चूक परवडत नाही. या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे धक्का कुठल्याही दिशेने येतो. अठराखालच्या गटात चेंडू उचलल्यावर मुलाला जो एक श्वास मिळतो तो इथे मिळत नाही, आणि सत्तर किलोच्या मुलाला नव्वद किलोचा सुतार किंवा वीटकाम करणारा गडी येऊन धरतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च वजन उचलण्याइतकंच पडायला शिकवा. चेंडू छातीशी धरून खांद्यावर वळत पडणं, टॅकल करताना डोकं बाजूला ठेवणं, खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरणं, हात अडकले तरी हँडबॉल सोडणं, म्हणजे मुठीने चेंडू देणं. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग पळत. सराव मंगळवारी आणि गुरुवारी असतो. मंगळवारी अंगाला अंग भिडू द्या, गुरुवारी हलकं ठेवा.

दोन सामन्यांचा मोह टाळायचं आताच ठरवा. शनिवारी रिझर्व्ह्ज आणि रविवारी अठराखालचा सामना, असं चांगल्या मुलांच्या बाबतीत हमखास होतं, कारण दोन्हीकडे माणसं कमी असतात आणि मुलगा कधीच नाही म्हणत नाही. वर शाळेची फुटी असते, उन्हाळ्यातलं क्रिकेट एप्रिलपर्यंत ओढलेलं असतं, आणि रात्री तो सुपरमार्केटमध्ये पाळीही करतो. त्याच्या पानावर आठवड्याचा सगळा भार मांडा, अठराखालच्या कोचला फोन करून कोणता आठवडा कुणाचा ते आधीच वाटून घ्या, आणि ते कागदावर लिहा. पाठीच्या खालच्या मणक्याला आलेली बारीक चीर किंवा जांघेचं जुनं दुखणं पूर्ण हंगाम खाऊन टाकतं.

डोक्याला मार लागला की चर्चा नाही. मुलगा बाहेर येतो, त्या दिवशी परत जात नाही, आणि ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक फुटीच्या नियमानुसार किमान एकवीस दिवस सामना खेळत नाही. परतण्याआधी डॉक्टरची परवानगी लागते. एएफएलमध्ये किमान बारा दिवस आहेत, आणि मुलं टीव्हीवर ते बघून "तो तर दोन आठवड्यांत आला" असं म्हणतात. तिथे रोज तपासणारे डॉक्टर असतात, तुमच्याकडे एक ट्रेनर आणि एक बर्फाची पेटी आहे, हे त्यांना मार्चमध्येच समजावून द्या. आईबाबांनाही त्याच बैठकीला बोलवा. आपल्याकडे 'थोडं चक्कर आलं, झोपला की बरा होईल' म्हणायची सवय आहे, ती इथे चालणार नाही. सामन्याच्या दिवशी रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल आणि त्या फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, तेही ट्रेनरला ठाऊक हवं.

कागदपत्रं पटकन उरका. सतरा वर्षांची मुलं संघात असतील म्हणून तुमच्याकडे आणि तुमच्या मदतनिसांकडे वर्किंग विथ चिल्ड्रन चेक हवा. व्हिक्टोरियात स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो आणि पाच वर्षं चालतो. कोचचा अभ्यासक्रम कोचएएफएल या संकेतस्थळावर आहे. नोंदणी, विमा, दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांची यादी टीम मॅनेजरकडे. माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचं करून घ्यायला सांगा, आणि मेलबर्नच्या जुलैतल्या चिखलासाठी लांब स्टडचे बूट.

माणसं मात्र आधीच गोळा करा. रिझर्व्ह्जच्या सामन्याला बऱ्याचदा गोल अंपायर, बाउंडरी अंपायर आणि टाइमकीपर क्लबालाच द्यावे लागतात. मराठी आईबाबांना मी नेहमी गोल अंपायर व्हायला सांगतो. सहा गुणांचा गोल आणि एक गुणाचा बिहाइंड यांचा हिशोब एका सकाळीत येतो, आणि खेळ अगदी जवळून कळू लागतो. घरी जेवणाचं बघायला हवं तेही त्यांनाच सांगा: शाकाहारी घरात वाढलेल्या मुलाला या खेळात उसळ, दही, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, हे दोन्ही वेळच्या ताटात भरपूर लागतं, आणि सामन्याआधीच्या रात्री भाताची मूद नेहमीपेक्षा मोठी.

गुरुवारची रात्र ही सगळ्यात अवघड तयारी आहे. सराव संपतो, क्लबात जेवण असतं, आणि संघ जाहीर होतो. ज्याला खाली आणलं आहे किंवा बाहेर ठेवलं आहे, त्याला भिंतीवरच्या कागदावरून किंवा फोनच्या गटातून ते कळता कामा नये. कोण सांगणार ते आताच ठरवा, तुम्ही की सीनियर्सचा कोच. बाजूला घेऊन, डोळ्यांत बघून, कारण सांगून, आणि 'शनिवारी या दोन गोष्टी कर' असं नेमकं काम देऊन. मुलगा चिडला तर चिडू द्या. मॅट प्रिडिससारखी उदाहरणं त्याला नंतर सांगा, त्या रात्री नको: मुख्य ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, रूकी, म्हणजे राखीव यादीतला नवखा, म्हणून आत आलेला, 2006 मध्ये वाफल या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सुबियाकोकडून खेळत तिथल्या सर्वोत्तम खेळाडूचं सँडोव्हर मेडल, आणि 2014 मध्ये एएफएलचं तसंच पदक, ब्राउनलो. टॉम स्टुअर्टचंही सांगा. साउथ बारवन या स्थानिक क्लबातून जीलाँगच्या व्हीएफएल संघात, आणि तिथून 2016 च्या ड्राफ्टमध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी.

मुली असतील तर वेळापत्रक वेगळं धरा. एएफएलडब्ल्यू, म्हणजे मुलींची एएफएल, ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि व्हीएफएलडब्ल्यूचा हंगाम त्याआधीच होऊन जातो, त्यामुळे वरचा आणि खालचा संघ एकाच शनिवारी खेळतो ही मुलांकडची सोय तिथे नाही. ज्या मुलीला पुढे जायचं आहे तिची विश्रांती आणि प्री-सीझन उलट्या क्रमाने मांडावी लागते.

मार्चमधल्या सराव सामन्यांत गुणफलकाकडे बघू नका, वहीतली पानं घेऊन बसा. दर क्वार्टरला एक मदतनीस दोन मुलांकडेच बघेल आणि त्यांच्या ओळीपुरतं लिहील, एवढी व्यवस्था पुरे. फोनवर उंचावरून घेतलेलं चित्रण मिळालं तर मंगळवारी प्रत्येकाला त्याचे तीन तुकडे दाखवा, त्यांतले दोन चांगले.

आणि फायनल्सचा प्रश्न एप्रिलच्या आधी सोडवा. बहुतेक लीगमध्ये रिझर्व्ह्जची फायनल खेळायला खेळाडूने त्या हंगामात रिझर्व्ह्जचे ठरावीक सामने खेळलेले असावे लागतात. तुमच्या लीगचा आकडा नियमपुस्तकात बघून टीम मॅनेजरला पहिल्या फेरीपासून तक्ता ठेवायला सांगा, कारण जो मुलगा वरखाली करत राहिला त्याचेच सामने नेमके कमी पडतात. त्याहून कठीण म्हणजे, ऑगस्टमध्ये दुखापतीतून परतलेले सीनियर्स रिझर्व्ह्जच्या फायनलसाठी जागा मागतात आणि वर्षभर खेळलेली पोरं बाहेर जातात. किती जागा पोरांसाठी राखायच्या हे कमिटीकडून मार्चच्या बैठकीत ठरवून, इतिवृत्तात लिहून घ्या आणि पहिल्या सामन्याआधी सगळ्या संघासमोर वाचून दाखवा.