घरचा छोटा ट्रॅक्टर : रोटर आणि मोवर चालवताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडून चार दिवस उघडीप मिळाली की आमच्या वस्तीवर छोट्या ट्रॅक्टरांचे आवाज सुरू होतात. दहा-बारा गुंठ्यांसाठी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर यायला तयार नसतो, आणि आलाच तर वळताना बांधावरचं लिंबाचं झाड चेपून जातो. म्हणून कोल्हापूरच्या करवीर-पन्हाळा भागात घराभोवती थोडी जागा असलेले बरेच जण पंधरा-वीस एचपीचा ट्रॅक्टर दारात ठेवतात. आमच्याकडेही आहे. मागे कधी रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर, कधी गवत कापायचा मोवर. मशीन चांगलं आहे. बिघडवलं ते बहुतेक वेळा मीच, आणि तेही घाईनं.

वाफसा नसताना रोटर

वाफसा म्हणजे माती मशागतीजोगी सुकणं. वरची माती पांढरट दिसली की आपण रोटर जोडतो. चार बोटं खाली मात्र चिखलच असतो. काळ्या मातीत अशा वेळी पात्यांना गोळे चिकटतात, वरच्या पत्र्याखाली माती ठासून भरते, इंजिन काळा धूर सोडतं आणि मागे जी ढेकळं पडतात ती उन्हात विटेसारखी होतात. चार-पाच इंच खालची मूठभर माती काढा, दाबून लाडू वळा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर कामाला लागा. तसाच राहिला तर घरात जाऊन चहा प्या. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीला वाफसा लवकर येतो, शिरोळकडची काळी रानं जास्त दिवस मागतात. पाहुण्यांच्या रानात रोटर फिरला म्हणून आपल्यात फिरेल असं नाही.

याच्या उलट, माती पिठासारखी होईपर्यंत फिरत राहणारेही आहेत. दिसायला वाफा झकास दिसतो, पण एका जोरदार सरीत त्यावर पपडी धरते आणि मेथी-कोथिंबिरीचं बी खालीच गुदमरतं. शिवाय दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरली की खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करून घ्यावीच लागते, आणि तिला मोठाच ट्रॅक्टर लागतो.

हरळीत रोटर म्हणजे हरळीची लागण

ही चूक मी सलग दोन वर्षं केली. परसात कोपऱ्यात हरळी होती, वाटलं रोटरनं बारीक होऊन मरेल. पात्यांनी तिचे शेकडो तुकडे केले, आणि ओल्या जमिनीत प्रत्येक पेर फुटलं. तिसऱ्या वर्षी कोपरा राहिला नाही, अख्खं परस हरळीचं झालं. लव्हाळ्याच्या गाठींचंही तेच होतं. हरळी काढायची तर एप्रिल-मेच्या उन्हात कोरडी जमीन नांगरून किंवा कल्टिव्हेटरनं उकलून, काशा (जमिनीतली हरळीची खोडं) दाताळ्यानं गोळा करून बाहेर वाळवायच्या. रोटरचा नंबर त्यानंतर.

गिअर वरचा, रेस कमी

डिझेल वाचवायला लोक रेस कमी ठेवतात आणि वेळ वाचवायला गिअर वरचा टाकतात. हवं बरोबर उलटं. पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरेल एवढी रेस (मीटरवर बहुधा त्याची खूण असते) आणि ट्रॅक्टर लो गिअरमध्ये. मोवरला तर हे फारच लागतं. पातं हळू फिरलं की गवत कापलं जात नाही, ओरबाडलं जातं, आणि दोन दिवसांत शेंडे पांढरे पडतात.

रोटरसाठी अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा पोझिशनचा दांडा वापरा. शेजारचा ड्राफ्टचा दांडा नांगरासाठी आहे. त्यावर रोटर चालवला की तो आपोआप वर-खाली होतो आणि मालक लिफ्ट बिघडली म्हणून शोरूमला फोन करतो.

आणि रोटर जमिनीत असताना वळू नका, मागे तर घेऊच नका. दहा सेकंद उचलायचा कंटाळा केला की पाती वाकतात, बाजूचं बेअरिंग जातं.

बोल्ट तुटतो म्हणून कडक बोल्ट

आमच्या रोटरला पीटीओशी जोडणाऱ्या शाफ्टला एक मऊ बोल्ट आहे. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. एका सकाळी तो तीनदा तुटला. वैतागून मी डब्यातला हाय टेन्साइल बोल्ट ठोकला. चौथ्या दगडाला बोल्ट शाबूत राहिला. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडून तुटलेला दात माझ्या तळहातावर ठेवला, वर एक शब्द बोलले नाहीत. आता मऊ बोल्टांची पुडी सीटखालीच असते.

खडखड कुठून येते

रोटर वर उचलल्यावरच आवाज येत असेल तर शाफ्टचा कोन जास्त होतोय. उंच उचलण्याआधी पीटीओ बंद करा. सारखीच थरथर असेल तर शाफ्ट काढून बघा. दोन्ही टोकांचे कान (सांध्याचे दुबेळके फाटे) एका रेषेत हवेत. साफ करून परत घालताना ते आडवे-उभे बसले की सगळा ट्रॅक्टर हलतो. पाती नवीन टाकल्यावर थरथर सुरू झाली तर डावी-उजवी पाती अदलाबदल झाली असतील. धार मातीत आधी शिरली पाहिजे, पाठ नव्हे. पहिल्या तासाभरानं बोल्ट पुन्हा आवळा.

रोटरच्या बाजूनं ऑइल गळत असेल तर सील बदलण्याआधी तिथं काय गुंडाळलंय ते बघा. आमच्याकडे ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा आणि नायलॉनची दोरी निघाली. तिनंच सील कापलं होतं. हे काढताना इंजिन बंद आणि चावी खिशात.

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल किंवा पदर शाफ्टमध्ये गेला तर क्लचवर पाय जाईपर्यंत उशीर झालेला असतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर त्या दिवशी काम थांबवा. इथं काटकसर नको.

गवत कापताना

ओलं गवत कापू नका, गठ्ठे पडतात आणि खालचं गवत पिवळं पडतं. गुडघाभर वाढलेलं एकाच दमात जमिनीलगत उतरवू नका, दोनदा कापा. उतारावर सरळ वर-खाली चालवा, आडवं नको. कापताना भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो. टेंपरेचरचा काटा चढला की आधी जाळी बघा, आणि गरम असताना झाकण उघडू नका.

स्टार्टरच फिरत नाही

शेजारच्या मामांचा ट्रॅक्टर मागच्या श्रावणात सकाळी सुरूच होईना. किल्ली फिरवली तरी टक्‌सुद्धा नाही. बॅटरी गेली म्हणून त्यांनी शाहूपुरीतून नवी आणली, तरी तेच. मी गेलो तर पीटीओचा दांडा आदल्या दिवसापासून लागलेला. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांत तो लागलेला असला किंवा क्लच पूर्ण दाबला नसला तर सेफ्टी स्विच स्टार्टरला करंटच देत नाही. दांडा मोकळा केला, एका किल्लीत सुरू. मामा म्हणाले, “आरं, मग आधी का नाही आलास?” जुनी बॅटरी तोवर दुकानदारानं मोडीत घेतली होती.