अल्ट्रावाइड टीव्हीवर पिक्चर बघायचे आहेत? मग या चुका टाळा

२१:९ टीव्हीबद्दल (रुंदी-उंचीचं प्रमाण २१:९, म्हणजे नेहमीच्या १६:९ टीव्हीपेक्षा बराच रुंद पडदा, त्यालाच अल्ट्रावाइड म्हणतात) तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. स्कोप पिक्चर, म्हणजे खूप रुंद चौकटीतला सिनेमा, लावला की वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या गायब, पडदा काठोकाठ भरलेला, हे दृश्य मला मनापासून आवडतं. पण लोक दहा मिनिटांचा डेमो बघून पैसे मोजतात आणि नंतर विचारतात की बातम्या एवढ्या छोट्या का दिसतात!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंचावरून तुलना. इंच म्हणजे कर्ण, आणि पडद्याचा आकारच वेगळा असेल तर नुसत्या कर्णावरून काहीच कळत नाही. ५८ इंची २१:९ टीव्ही साधारण ५३ इंच रुंद आणि जेमतेम साडेबावीस इंच उंच असतो. त्यावर १६:९ मधलं काहीही लावा, मॅच, बातम्या, बहुतेक सिरियल, ते ४६ इंची टीव्हीएवढंच दिसणार आणि डावी-उजवीकडे काळं. आता साधा ६५ इंची १६:९ टीव्ही घ्या, तो जवळपास ५७ इंच रुंद असतो, म्हणजे पट्ट्या धरूनसुद्धा स्कोप पिक्चर त्याच्यावर त्या ५८ इंचीपेक्षा मोठा दिसतो, आणि मॅच तर कितीतरी मोठी. हे गणित कुणी करत नाही कारण सगळ्यांना घाई असते. मी काय करतो, मास्किंग टेपने भिंतीवर दोन्ही पडदे खऱ्या मापात आखतो आणि नेहमीच्या जागी बसून बघतो. एवढं केल्यावर बऱ्याच जणांचा विचार बदललेला मी पाहिलाय.

दुसरी चूक झूम आणि सबटायटल्सची. ब्लू-रे आणि बहुतेक स्ट्रीमिंगमध्ये स्कोप पिक्चर १६:९ च्या चौकटीतच येतो, काळ्या पट्ट्या त्या चित्राचाच भाग असतात. १९२० × १०८० मधल्या साधारण ८०० ओळींतच खरा पिक्चर. म्हणजे २५६० × १०८० चा पॅनल भरायला टीव्हीला ते चित्र १.३३ पट मोठं (झूम) करावं लागतं, जादा पिक्सेल दिसले तरी डिटेल तेवढंच राहतं. माझ्या मावसभावाने जुना अल्ट्रावाइड घेतला, सगळ्यांना बोलावलं आणि परभाषेतला पिक्चर लावला. पहिल्या दोन मिनिटांत लक्षात आलं की सबटायटलची खालची ओळ दिसतच नाहीये, कारण ती काळ्या पट्टीत होती आणि पट्टी झूममध्ये कापली गेली. झूम काढला तर चारही बाजूंना काळं आणि मध्ये छोटासा पिक्चर. तासभर मेनू चाळले, काकू कंटाळून उठून गेल्या, शेवटी लॅपटॉप जोडला आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये सबटायटल वर सरकवल्या तेव्हा कुठे पिक्चर सुरू झाला. आधी विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगितलं असतं. म्हणून घेण्यापूर्वी स्वतःचा सबटायटलवाला पिक्चर लावून बघा, दुकानाची क्लिप नको. तुमच्या प्लेअरमध्ये सबटायटल सरकवता येत नसतील तर विषय तिथेच संपवा.

चित्र फक्त आडवं ताणून पडदा भरणारा मोड कृपया वापरू नका. माणसं जाडी आणि चाकं लंबगोल दिसतात, आणि 'डोळ्यांना सवय होते' हे मला अजिबात पटत नाही.

आयमॅक्स कॅमेऱ्याचे सीन असलेल्या काही पिक्चरमध्ये चित्राची उंची मध्येच वाढते, झूम ठेवला तर नेमक्या त्याच सीनमध्ये वरचं-खालचं कापलं जातं.

गेम खेळणार असाल तर पीसी ठीक, पीएस५ (प्लेस्टेशन ५) मात्र २१:९ आउटपुट देत नाही.

३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटरला टीव्ही समजू नका, त्याची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच असते आणि पिक्चर झूम करायची सोय बऱ्याच मॉनिटरमध्ये नसते.

जुन्या सेटबद्दल थोडं. फिलिप्सचा ५६ इंची सिनेमा २१:९ २००९ चा, व्हिझिओचे सिनेमावाइड २०१२ चे, दोन्ही २५६० × १०८०. त्यांना फोरके नाही, एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) नाही. आणि एक सांगतो, पट्ट्यांचा त्रास होणाऱ्या कितीतरी लोकांचा खरा त्रास हा असतो की त्यांच्या एलसीडीवर काळा रंग राखाडी दिसतो. अंधाऱ्या खोलीत ओएलईडीवर (ज्यात काळ्या भागातले पिक्सेल पूर्ण बंद होतात) त्या पट्ट्या दिसतच नाहीत, तेव्हा आधी तो पर्याय बघा.

तरीही जुना सेट घ्यायचाच असेल तर मूळ रिमोटशिवाय घेऊ नका. प्रत्येक पिक्चरला झूम बदलावा लागतो आणि ते बटण दुसऱ्या रिमोटवर सापडेलच असं नाही.