पाण्याची पातळी मोजणारा प्रोजेक्ट: पार्ट मागवण्याआधीची तयारी

सांगलीत डिप्लोमाच्या किंवा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि पाण्याची पातळी मोजणारं यंत्र करायचं ठरवलं असेल, तर विषय उत्तम निवडलात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा गावात पातळीचा आकडा दाखवायचा तर तो खरा असलाच पाहिजे. कोड नंतर लिहिता येतो; आधी मोजमापाचं बघा.

सगळ्यात आधी जागा ठरवा. सगळे घेतात तो एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर वरून पाण्याकडे आवाज सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. तो जास्तीत जास्त ४ मीटर, म्हणजे सुमारे १३ फूट मोजतो. कृष्णेची उन्हाळ्यातली आणि पुरातली पातळी या मापात बसतच नाही, त्यामुळे पुलावरून नदी मोजू असं सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, लिहू नका. शिवाय सरकारी पुलाला काही लावायचं तर परवानगी लागते. त्यापेक्षा एखादा नाला, ओढ्यावरची मोरी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं निवडा, आणि तिथंही मालकांना आधी विचारा. नाला ही दुय्यम जागा नव्हे. नदी फुगली की पाणी नाल्यातून उलटं आत येतं आणि सखल वस्तीला आधी गाठतं, त्यामुळे तिथला आकडा लोकांच्या थेट उपयोगाचा आहे. जागा पक्की झाली की टेप घेऊन जा, तळापासून काठापर्यंतची उंची मोजा, पुराच्या खुणा कुठपर्यंत आहेत ते आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत चित्र काढा.

आता सेन्सर. उघड्यावर लावायचा तर वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घ्या, पण त्याला साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून पाण्याच्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा निदान दीड फूट वर जागा ठेवा. दुसरं म्हणजे भिंत. आवाज सरळ रेषेत जात नाही, पसरत जातो. १५ अंशांचा पसारा धरला तर ३ मीटर खाली तो जवळजवळ ८० सेंटीमीटर रुंद होतो. सेन्सर भिंतीला चिकटवलात तर तो पाण्याऐवजी भिंतीतून बाहेर आलेला दगड मोजेल. भिंतीपासून अर्धा मीटर पुढं येणारा लोखंडी अँगल लागेल. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या वेल्डिंगवाल्याकडून तो करून घ्या, आणि तिथं जाताना मापं लिहिलेला कागद न्या, तोंडी सांगू नका.

तिसरी गोष्ट बहुतेक रिपोर्टमध्ये नसते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: तापमान. आवाज जाऊन परत यायला लागलेले मायक्रोसेकंद सेन्सरच्या एको पिनवर मिळतात; ते ५८ ने भागले की सेंटीमीटर मिळतात, हे सूत्र २० अंशांच्या आसपासच्या हवेसाठी आहे. तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये हवा ४० अंशांवर गेली की ३ मीटरचं अंतर १० सेंटीमीटरनं कमी दिसतं, म्हणजे पाणी १० सेंटीमीटर चढल्यासारखं वाटतं. म्हणून यादीत डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि त्याच्यासाठी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लिहा. हा सेन्सर पाण्यात टाकू नका. आवाज हवेतून जातो, तेव्हा तो हवेत, सावलीत राहू द्या.

सेन्सरचे आकडे वाचणारा बोर्ड ईएसपी३२ असेल तर त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच चालतात आणि एको पिन ५ व्होल्ट देते. मधे व्होल्टेज कमी करणारा, १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा डिव्हायडर घाला. पुरात महावितरणची लाइन बंद असते आणि घरचं वायफायही, म्हणून बॅटरी आणि सिमचं मॉड्यूल दोन्ही हवंत. सिम८००एल स्वस्त आहे, पण ते टू-जी आहे, जिओचं सिम त्यात चालणार नाही. शिवाय मेसेज पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर ते मधेच रीसेट होत राहतं आणि पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

डबा, केबल ग्लँड, हीट श्रिंक, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन हे नेहमीचंच. ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी, फक्त टेबलावर वापरा. बाहेर लावायचं सर्किट झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं असलेल्या कोऱ्या पाटीवर, सोल्डर करा. वायर डब्यात खालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत उतरणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र तयार नसलं तरी पावसाळा वाया घालवू नका. नाल्याच्या भिंतीवर रंगानं पट्टी आखा, काठावर सुरक्षित उभं राहून रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहा आणि पेपरात येणारी आयर्विनची पातळी शेजारी लिहा. पाणी चढत असेल तर त्या दिवशी जाऊच नका. मार्चमध्ये सबमिशनच्या वेळी नाला कोरडा असतो, तेव्हा हीच वही तुमच्या कामी येते. यंत्राची तपासणी घरी बॅरलवर करा: प्रत्येक उंचीला निदान दहा रीडिंग घ्या, त्यातलं मधलं धरा, टेपनं मोजलेला आकडा शेजारी मांडा आणि चूक किती ते स्पष्ट लिहा. चूक शून्य दाखवलीत तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, तिथंच थांबवतील.

सबमिशनच्या दिवशी एक जादा सेन्सर, चार्ज केलेली दुसरी बॅटरी, कोडची पेन ड्राइव्हवर कॉपी, टेप आणि उंच बादली सोबत घ्या. बादलीत एक तांब्या पाणी ओतलं की पातळी किती वाढते हे आदल्या रात्रीच मोजून ठेवा, कारण एक्स्टर्नल बहुधा तेच करून बघायला सांगतील.