मुलांना मित्रकीटक दाखवताना या चुका टाळा

बागेत किडे शोधायला निघालं की पालक मुलांना लाल, ठिपकेवाला लेडीबर्ड शोधायला लावतात. त्याची अळी समोर असली तरी कुणी बघत नाही, आणि दिसली तर चिरडतात. ही अळी काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके, सुसरीसारखी लांबट. दिसायला भयंकर, पण मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, फस्त करण्यात पटाईत.

एका शाळेच्या परसबागेत चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा होता. पानांखाली पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके, अळ्याही भरपूर. मुलं रोज त्यांची चित्रं काढत होती. सोमवारी पाहतो तर एकही अळी जिवंत नाही. सुट्टीत कुणीतरी ‘कीड पडलीय’ म्हणून औषध मारलं होतं. मुलं अक्षरशः रडली. आणि मावा? माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते. सांदीकोपऱ्यात वाचलेल्या माव्याने बघता बघता शेंडे पुन्हा भरले. लेडीबर्डला मात्र पुन्हा अंड्यापासून सुरुवात, अळी मोठी व्हायलाच दोनेक आठवडे. तेव्हापासून मी अळ्या दिसल्या की त्या फांदीला लाल लोकर बांधतो आणि माळीकाकांना स्वतः नेऊन दाखवतो. मुलांची पाळी त्यानंतर.

दुसरी चूक मोबाइलची. फोटो काढला, ॲपने नाव सांगितलं, की मूल वही मिटतं. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. आधी पाय मोजा, तो काय खातोय ते बघा, चित्र काढा. नाव शेवटी. पाच मिनिटांत ‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मी एकाच पानासमोर भिंग देऊन बसवतो. पानावर केसासारख्या दांड्यांवर उभी असलेली क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाची पांढुरकी अंडी अशीच सापडतात.

ठिपके दिसले म्हणजे मित्रच, असंही नाही. वांग्यावरचा २८ ठिपक्यांचा भुंगा पानं खरवडून त्यांची जाळी करतो.

कोळी बागेला मदत करतो, पण आठ पायांचा. त्याला कीटक म्हणू नका.

किडा घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडू नका. तोंडाला मलमलचं फडकं बांधा, आत माव्याची फांदी ठेवा, संध्याकाळी सोडून द्या.

भर दुपारी जाऊ नका, सकाळी जा. आणि काहीच सापडेना, तर झाडावर चढणारी मुंग्यांची रांग धरा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या तिथे जातात, आणि माव्याच्या आसपासच लेडीबर्ड अंडी घालतो.